पिव्हट चार्टमध्ये पाच केंद्रांची तुलना: शेजारी काय ठेवायचे, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला असा समजला. पाच सेवा केंद्रांकडे वर्षभरात आलेल्या तक्रारींची नोंद तुमच्याजवळ एक्सेलमध्ये आहे. प्रत्येक तक्रारीपुढे तारीख, केंद्र, तक्रारीचा प्रकार, निवारणास लागलेले तास आणि ती मुदतीत निवारली गेली की नाही, एवढी माहिती आहे. तक्रारींचे प्रकार एकूण सहा आहेत. या नोंदींवरून तुम्ही पिव्हट चार्ट, म्हणजे नोंदींचा गटवार गोषवारा देणाऱ्या पिव्हट टेबलावर बेतलेला चार्ट, काढलात, त्यात केंद्र, प्रकार आणि महिना ही तिन्ही फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, घातलीत, आणि पडद्यावर इतके स्तंभ उभे राहिले की त्यांतून काहीच वाचता येईना. कोणते केंद्र मागे पडते आहे हे चटकन कळावे, अशी वरिष्ठांची अपेक्षा आहे, आणि त्यासाठी चार्टचा कोणता प्रकार निवडावा, असे तुम्ही विचारले आहे.

चार्टच्या प्रकाराबद्दल मी पुढे लिहीनच, पण खरी अडचण तिथे नाही. पाच केंद्रे, सहा प्रकार आणि बारा महिने यांचा गुणाकार ३६० होतो, आणि ३६० स्तंभ कोणत्याही प्रकारच्या चार्टमध्ये घातले तरी ते ३६०च राहतात. अडचण अशी आहे की "कोणते केंद्र मागे आहे" या एका वाक्यात निदान तीन प्रश्न दडलेले आहेत. कोणत्या केंद्राकडे तक्रारी जास्त येतात, हा एक. आलेल्या तक्रारींपैकी कोणते केंद्र कमी तक्रारी मुदतीत निवारते, हा दुसरा. आणि सारख्याच स्वरूपाची तक्रार आली तर कोणत्या केंद्रात ती अधिक रेंगाळते, हा तिसरा. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी असू शकतात, तिन्हींसाठी पिव्हट टेबलाची मांडणी वेगळी लागते, आणि तिन्ही एकाच चार्टमध्ये कोंबू गेल्यास एकाचेही उत्तर मिळत नाही.

यांपैकी तुमच्या वरिष्ठांना कोणता प्रश्न अभिप्रेत आहे, हे मला इथून सांगता येणार नाही. मनुष्यबळाची वाटणी करायची असेल तर पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. ग्राहकाला काय अनुभव येतो हे पाहायचे असेल तर दुसरा. आणि केंद्रांच्या कामाचे मूल्यमापन करायचे असेल तर केवळ तिसराच न्याय्य आहे. म्हणून चार्ट काढायला बसण्यापूर्वी त्यांना हे विचारून घ्या. मी माझ्या कामात प्रत्येक चार्टसाठी आधी एक पूर्ण वाक्य कागदावर लिहितो, उदाहरणार्थ "प्रत्येक प्रकारच्या तक्रारींत, मुदतीत निवारणाचे प्रमाण केंद्राकेंद्रांत किती वेगळे आहे". हे वाक्य लिहिता आले नाही, तर चार्टही काढता येणार नाही असे मी समजतो.

आता पिव्हट चार्टच्या रचनेकडे वळू. साधा चार्ट कोणत्याही आकड्यांवरून काढता येतो, पण पिव्हट चार्ट त्याच्या पिव्हट टेबलाशी कायमचा बांधलेला असतो. टेबलात रो या चौकोनात जे फील्ड असते ते चार्टच्या आडव्या अक्षावर जाते, आणि कॉलम या चौकोनात जे असते ते लेजंडमध्ये, म्हणजे रंगांत, जाते. बहुतेक नवे वापरकर्ते याकडे केवळ दिसण्याची बाब म्हणून पाहतात, परंतु तुलना कोणाची कोणाशी होणार हे इथेच ठरते. रोमध्ये तक्रारीचा प्रकार आणि कॉलममध्ये केंद्र ठेवले, तर प्रत्येक प्रकाराच्या गटात पाच केंद्रांचे पाच स्तंभ एकमेकांना खेटून उभे राहतात, आणि डोळा आपोआप केंद्रांची तुलना करतो. ही दोन फील्ड उलटी ठेवली, की एकाच केंद्राचे सहा प्रकार शेजारी येतात आणि केंद्रे एकमेकांपासून दूर जातात. आकडे तेच असतात, पण वाचणारा वेगळ्याच निष्कर्षाला येतो. ज्यांची तुलना करायची ते शेजारी असले पाहिजेत, हा एक नियम पाळला तर तुमचा निम्मा गोंधळ मिटेल. तिसरे फील्ड, म्हणजे महिना, अक्षावर किंवा लेजंडमध्ये घालू नका. तो स्लायसरमध्ये, म्हणजे बटणांच्या गाळणीत, ठेवा, किंवा महिन्यांचा कल दाखवायचाच असेल तर त्यासाठी वेगळा रेषाचार्ट काढा.

तो वेगळा चार्ट काढताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. एकाच पिव्हट टेबलावर दोन चार्ट बांधले, तर एकाची मांडणी बदलताच दुसऱ्याचीही बदलते, कारण मांडणी मुळात टेबलाची असते. म्हणून प्रत्येक चार्टसाठी पिव्हट टेबलाची स्वतंत्र प्रत करावी, आणि सगळ्या प्रतींना एकच स्लायसर रिपोर्ट कनेक्शन्समधून जोडावा. तसे केले की मांडण्या स्वतंत्र राहतात आणि गाळणी मात्र एकच राहते.

यानंतरचा मुद्दा छेदाचा, म्हणजे कशाने भागायचे याचा, आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका इथे होतात. पिव्हट टेबल आपणहून बेरीज देते, किंवा स्तंभात मजकूर असेल तर मोजणी देते. मुदतीबाहेर गेलेल्या तक्रारींची नुसती मोजणी चार्टवर घातली, तर ज्या केंद्राकडे मुळात जास्त तक्रारी येतात तेच केंद्र नेहमी वाईट दिसेल. तुम्हाला प्रमाण हवे आहे. त्यासाठी सर्वांत सोपा उपाय असा, की मूळ नोंदींत एक नवा स्तंभ करावा आणि मुदतीत निवारलेल्या तक्रारीपुढे १, न निवारलेल्या तक्रारीपुढे ० लिहावे. पिव्हट टेबलात या स्तंभाची बेरीज न घेता सरासरी घ्यावी आणि ती टक्केवारीच्या स्वरूपात दाखवावी. १ आणि ० यांची सरासरी म्हणजेच मुदतीत निवारणाचे प्रमाण. हे प्रमाण प्रत्येक चौकटीसाठी आणि एकूण ओळीसाठीही मूळ नोंदींवरून नव्याने काढले जाते, त्यामुळे ते सर्वत्र बरोबर असते.

याउलट, काही ठिकाणी मूळ नोंदी न मिळता केंद्रांकडून आलेल्या मासिक सरासऱ्याच हाती येतात. त्यांची पुन्हा सरासरी काढणे ही चूक आहे. समजा एका महिन्यात १० तक्रारी आल्या आणि त्यांचा सरासरी वेळ ९० तास होता, आणि दुसऱ्या महिन्यात ९९० तक्रारी आल्या व त्यांचा सरासरी वेळ ३० तास होता. दोन सरासऱ्यांची सरासरी ६० तास येईल, पण प्रत्यक्षात १,००० तक्रारींना ३०,६०० तास लागले, म्हणजे खरी सरासरी ३०.६ तास आहे. अशा वेळी प्रत्येक महिन्याचे एकूण तास आणि एकूण तक्रारी हे दोन स्तंभ मागवून घ्या आणि त्यांच्यावर कॅल्क्युलेटेड फील्ड, म्हणजे पिव्हट टेबलातच सूत्र देऊन बनवलेले फील्ड, करा. कॅल्क्युलेटेड फील्ड नेहमी आधी बेरजा करते आणि मग त्यांच्यावर सूत्र चालवते, त्यामुळे बेरजेला बेरजेने भागायचे असेल तिथे ते अचूक उत्तर देते. याच कारणाने ते गुणाकारासाठी धोक्याचे आहे, कारण तिथे ओळीओळीचे गुणाकार करून बेरीज होण्याऐवजी दोन बेरजांचा गुणाकार होतो. तसेच, टेबलात एखादे फील्ड मोजणी म्हणून दिसत असले तरी कॅल्क्युलेटेड फील्डला ती मोजणी वापरता येत नाही. त्यासाठी मूळ नोंदींत सर्व ओळींना १ देणारा स्तंभ ठेवावा लागतो.

निवारणाच्या तासांची सरासरी मुख्य चार्टवर दाखवावी का, असा प्रश्न यानंतर येईल. मी शक्यतो दाखवत नाही. महिनोन्‌महिने अडकलेल्या दोनचार तक्रारी संपूर्ण केंद्राची सरासरी वर ओढतात. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य, अधिक योग्य ठरला असता, पण साध्या पिव्हट टेबलात मध्यक उपलब्ध नाही. त्यासाठी नोंदी एक्सेलच्या डेटा मॉडेल या सोयीत घालून तिथे मेजर (measure), म्हणजे स्वतःचे सूत्र, लिहावे लागते. तेवढी तयारी नसेल तर मुदतीत निवारणाचे प्रमाण हेच माप विश्वासार्ह आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे झालेली चूक माणसांना भोवते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका संस्थेसाठी अगदी तुमच्यासारखाच अहवाल केला होता. केंद्रनिहाय एकूण प्रमाणाचा एकच चार्ट दिला, आणि त्यात एक केंद्र स्पष्टपणे सर्वांत मागे दिसत होते. त्या केंद्रातील लोकांकडे खुलासा मागितला गेला. नंतर तक्रारींचा प्रकार घालून तोच चार्ट पुन्हा काढला, तेव्हा दिसले की इतरांना न सुटणाऱ्या तक्रारी त्याच केंद्राकडे पाठवल्या जात होत्या, आणि प्रत्येक प्रकारात ते केंद्र इतरांच्या बरोबरीने किंवा पुढेच होते. माझ्या चार्टमधला एकही आकडा चुकीचा नव्हता, तरी चार्टने दिलेले उत्तर चुकीचे होते. ती गोष्ट मला आजही बोचते, आणि तेव्हापासून मिश्रण, म्हणजे कोणाकडे कोणत्या प्रकारचे काम किती येते ते, तपासल्याशिवाय मी कोणत्याही गटांची क्रमवारी देत नाही.

हे कसे घडते ते आकड्यांत पाहा. समजा पहिल्या केंद्राकडे ९०० सोप्या तक्रारी आल्या आणि त्यांपैकी ९० टक्के मुदतीत सुटल्या. १०० अवघड तक्रारी आल्या आणि त्यांपैकी ४० टक्के सुटल्या. दुसऱ्या केंद्राकडे २०० सोप्या आल्या, ९५ टक्के सुटल्या. ८०० अवघड आल्या, ५० टक्के सुटल्या. दोन्ही प्रकारांत दुसरे केंद्र सरस आहे. पण एकूण प्रमाण काढले तर पहिल्याचे ८५ टक्के येते आणि दुसऱ्याचे केवळ ५९ टक्के. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये त्यावर लिहिले, आणि उडनी यूल यांनी त्याआधीच, १९०३ मध्ये, तो दाखवला होता. त्याचे सर्वपरिचित उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचे आहे. तिथे एकूण अर्जदारांत सुमारे ४४ टक्के पुरुषांना आणि सुमारे ३५ टक्के स्त्रियांना प्रवेश मिळाला होता. विभागनिहाय आकडे पाहिल्यावर मात्र दिसले, की ज्या विभागांत सर्वांनाच प्रवेश मिळणे कठीण होते तिकडे स्त्रियांचे अर्ज अधिक गेले होते, आणि बहुतेक विभागांत त्यांच्याविरुद्ध तसा कल नव्हता. सर्वांत मोठ्या सहा विभागांपैकी एकात तर पुरुषांचे प्रमाण ६२ टक्के आणि स्त्रियांचे ८२ टक्के होते.

म्हणून तुमच्या बाबतीत आधी एक तपासणीचा पिव्हट करा. रोमध्ये प्रकार, कॉलममध्ये केंद्र, आणि मूल्यांत तक्रारींची मोजणी घ्या. मग शो व्हॅल्यूज ॲज या सोयीतून % ऑफ कॉलम टोटल निवडा. प्रत्येक केंद्राकडे कोणत्या प्रकारच्या तक्रारी किती टक्के येतात, हे त्यातून कळेल. पाचही केंद्रांचे मिश्रण जवळपास सारखे असेल, तर एकूण प्रमाणांची साधी तुलना चालेल आणि तुमचे काम फार सोपे होईल. मिश्रण वेगळे असेल, तर प्रकारनिहाय चार्टच द्यावा लागेल.

वरिष्ठांना तरीही प्रत्येक केंद्रासाठी एकच आकडा हवा असेल, तर सर्व केंद्रांना समान मिश्रण लावून तो काढता येतो. वरील उदाहरणात दोन्ही केंद्रांच्या मिळून २,००० तक्रारींत सोप्या ५५ टक्के आणि अवघड ४५ टक्के आहेत. हीच टक्केवारी भार म्हणून, म्हणजे प्रत्येक प्रकाराचे वजन म्हणून, दोघांनाही लावली, तर पहिल्याचे प्रमाण ६७.५ टक्के आणि दुसऱ्याचे सुमारे ७४.८ टक्के येते, आणि क्रम योग्य होतो. हे गणित पिव्हट टेबल स्वतः करत नाही. प्रमाणांचे टेबल आणि भारांचा स्तंभ शेजारी ठेवून, जोडीजोडीचे गुणाकार करून त्यांची बेरीज देणाऱ्या सम्प्रॉडक्ट या सूत्राने ते टेबलाबाहेर करावे आणि त्यावर साधा चार्ट काढावा. एखाद्या केंद्राकडे एखाद्या प्रकारची तक्रारच आलेली नसेल, तर तिथली रिकामी चौकट शून्य धरली जाईल आणि त्या केंद्रावर अन्याय होईल. तो प्रकार अशा वेळी सर्वांच्याच हिशेबातून वगळावा आणि तसे लिहावे.

इथवर सांगितलेला क्रम थोडक्यात असा: प्रश्न एका वाक्यात लिहावा, ज्यांची तुलना करायची ते लेजंडमध्ये घ्यावेत म्हणजे ते शेजारी येतील, मोजणीऐवजी प्रमाण घ्यावे, आणि केंद्रांचे मिश्रण तपासावे. चार्टचा प्रकार त्यानंतरच निवडायचा आहे.

तुमच्या कामासाठी मी शेजारी-शेजारी स्तंभांचा साधा चार्ट निवडेन. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांवरून दाखवले, की समान आधाररेषेवरील स्थान माणूस सर्वांत अचूक वाचतो, आणि कोन किंवा क्षेत्रफळ वाचताना अधिक चुकतो. एकावर एक रचलेल्या स्तंभांत फक्त तळाचा तुकडा समान आधाररेषेवर असतो. वरचे तुकडे तरंगत असतात, आणि त्यांची तुलना करता येत नाही. शंभर टक्क्यांपर्यंत रचलेला चार्ट मिश्रण दाखवायला ठीक आहे, कामगिरी दाखवायला नाही. वर्तुळाकार चार्टमध्ये एका वेळी एकच मालिका मावते, त्यामुळे पाच केंद्रांसाठी तो बाद आहे. बिंदूंचा स्कॅटर चार्ट पिव्हट चार्ट म्हणून काढताच येत नाही. तो हवा असेल तर टेबलातील मूल्ये दुसरीकडे चिकटवून त्यावर काढावा लागतो.

सहा गटांत पाच-पाच मिळून तीस स्तंभ होतात, आणि तेही डोळ्यांना जड आहेत. दोन उपाय मला उपयोगी पडले आहेत. पहिला, ज्या केंद्राविषयी बोलायचे त्याला एकच ठळक रंग द्यावा आणि उरलेल्या चारांना फिकट राखाडी. दुसरा, प्रत्येक प्रकारासाठी एक असे सहा छोटे चार्ट करावेत आणि सहाही चार्टच्या उभ्या अक्षाची मर्यादा हाताने ० ते १०० टक्के अशी बांधावी. अक्ष हाताने बांधणे आवश्यक आहे, कारण सर्व मूल्ये एकमेकांजवळ असली की एक्सेल आपणहून अक्ष शून्याऐवजी वरून सुरू करते, आणि ८८ व ९१ टक्क्यांतला फरक दुपटीसारखा भासतो. स्तंभाची लांबी हेच त्याचे मूल्य असल्याने स्तंभचार्ट शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

छोट्या संख्यांबाबतही सावध राहा. एखाद्या केंद्राकडे एखाद्या प्रकारच्या चारच तक्रारी असतील, तर एक तक्रार इकडची तिकडे झाली तरी प्रमाण २५ टक्क्यांनी हलते. मी तीसपेक्षा कमी नोंदी असलेल्या चौकटीवर निष्कर्ष काढत नाही. ही मर्यादा माझ्या सोयीची आहे, तुमच्या कामात ती वेगळी असू शकेल. पण कोणती तरी मर्यादा आधी ठरवा, आणि चार्टखाली प्रत्येक चौकटीतील नोंदींची संख्या द्या.

मूळ नोंदींची स्वच्छता हा कंटाळवाणा पण न टाळता येणारा भाग आहे. मराठीत भरलेल्या नोंदींत "दुरुस्ती" आणि "दुरूस्ती" असे दोन प्रकार तयार होतात, आणि शब्दामागे राहिलेली एखादी मोकळी जागाही तिसरा प्रकार उभा करते. पिव्हटच्या रोमध्ये सहाऐवजी आठ-नऊ प्रकार दिसले तर कारण बहुधा हेच असते. महिन्याचे नाव मजकूर म्हणून लिहिले असेल, तर ते देवनागरीच्या वर्णानुक्रमाने लागते आणि एप्रिल महिना जानेवारीच्या आधी येतो. त्यासाठी खरी तारीख ठेवून तिचे महिन्यानुसार ग्रुपिंग करावे. बारा महिन्यांचे बारा स्तंभ अशी आडवी नोंद असेल, तर पॉवर क्वेरी या एक्सेलच्या सोयीतील अनपिव्हट कॉलम्स वापरून ती आधी उभी करून घ्यावी. काही महिन्यांत एखाद्या प्रकाराची तक्रारच नसेल, तर तो प्रकार चार्टवरून नाहीसा होतो आणि गटांची जागा सरकते. फील्ड सेटिंग्जमध्ये शो आयटम्स विथ नो डेटा चालू केले की ते थांबते.

हे सर्व मी एक्सेल धरून लिहिले आहे. एक्सेलसारख्याच लिबरऑफिस कॅल्क या मोफत प्रणालीमध्ये पिव्हट चार्ट २०१७ च्या ५.४ आवृत्तीपासून आहेत, आणि शेजारी काय ठेवायचे व भागायचे कशाने, हा विचार तिथेही तसाच लागू पडतो.

चार्ट वरिष्ठांकडे पाठवण्याआधी रिफ्रेश ऑल करा, कारण मूळ नोंदी बदलल्या तरी पिव्हट टेबल साधारणतः आपणहून बदलत नाही. रिफ्रेश केल्यावर बहुतांश सजावट टिकते, पण डेटा लेबले आणि कलरेषा (ट्रेंडलाइन) निघून जाऊ शकतात; म्हणून ती शेवटी घाला. चार्टच्या शीर्षकात "केंद्रनिहाय अहवाल" असे न लिहिता सुरुवातीला कागदावर लिहिलेले ते पूर्ण वाक्य घाला, आणि खाली कालावधी व एकूण तक्रारींची संख्या द्या. तपासणीच्या पिव्हटमध्ये केंद्रांचे मिश्रण फार वेगळे आढळले, तर ते आकडे इथे लिहा. भार कसे ठरवावेत ते आपण त्यावरून पाहू.